पी०१७१ चा दिवा जात नाही, सेन्सर बदलू की आणखी काही बघू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गाडी २०१२ ची, १.८ लिटर पेट्रोल, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही गाडी घेतलीतच का' वर जातो. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कोड एकच, पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, इंधन कमी. कोड पुसला की थोडे दिवस बरे जातात, मग दिवा परत हजर. सिग्नलला उभी असली की थरथरते, एसी लावला की जास्तच. चालताना मात्र तक्रार नाही, कसारा घाट भरल्या गाडीने निमूट चढते.

गॅरेजवाले म्हणतात सीएनजीवाल्याने घोळ घातलाय. सीएनजीवाला म्हणतो किटला काही झालेलं नाही, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. ओरिजिनल सेन्सरची किंमत ऐकून आधी इथे विचारतोय.

मोबाइलवर ब्लूटूथ डोंगल लावून घेतलेले ट्रिमचे आकडे (गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय ते; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेली), इंजिन पूर्ण तापल्यावर:

पेट्रोल, आयडल: शॉर्ट टर्म ट्रिम +८, लाँग टर्म +१८
पेट्रोल, २५०० आरपीएम: +१, +५
गॅस, आयडल: +७, +१९
गॅस, २५०० आरपीएम: +२, +६

फ्रीझ फ्रेममध्ये (कोड पडला त्या क्षणाची नोंद) ७२० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ८९ अंश. एअर फिल्टर नवा आहे. मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) त्याच्याच क्लीनरने साफ केला, फरक शून्य. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
ऑक्सिजन सेन्सरच. माझ्याकडे हाच कोड होता, सेन्सर बदलला, दिवा गेला. विषय संपला.

प्रतिसाद:
थांबा दादा, सेन्सरला हात लावू नका. एवढे नीट आकडे दिलेत, तेच सगळं सांगतायत.

आयडलला दोन्ही ट्रिम मिळून +२६, २५०० ला +६. इंधन कमी पडत असतं तर उलटं दिसलं असतं. पंप दमला किंवा फिल्टर चोंदला की लोड आल्यावर इंधन पुरत नाही आणि ट्रिम वर जाते. तुमची घाट चढतेय. शिवाय पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे पेट्रोल पंप आणि गॅसचं ट्यूनिंग दोघेही सुटले. गाडी कुठूनतरी हवा खातेय. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) ओढ जबरदस्त असते, त्यामुळे बारीक फटीतूनही मॅफला पत्ता न लागता हवा आत जाते. रेस वाढली की एकूण हवेच्या मानाने ती गळती किरकोळ होते.

सेन्सरची शंका जात नसेल तर गरम इंजिनवर एक झटका रेस देऊन पुढच्या सेन्सरचा ग्राफ बघा. रेस दिल्यावर रिच (इंधन जास्त), सोडल्यावर लीन असा भरभर हलत असेल तर तो बिचारा खरं तेच सांगतोय.

आता शोधायचं कुठे? मॅफ ते थ्रॉटल हा रबरी पाइप घड्या ताणून बघा, चीर घडीच्या तळाला असते, वरून दिसत नाही. पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारा व्हॉल्व्ह) आणि ब्रेक बूस्टरचे होज, इनटेक गॅस्केट, ऑइलचं झाकण, डिपस्टिक. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी हेच होतं. पण मला विचाराल तर सगळ्यात आधी किटसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडून बसवलेल्या चार नॉझल बघा. पेट्रोलवर चालताना गॅस इंजेक्टर बंद असतो, पण त्याच्या पुढचा बारीक होज मॅनिफोल्डच्या ओढीतच असतो.

कार्ब क्लीनरचे फवारे मारून लीक शोधतात, पण गॅसची गाडी आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट, मी तरी मारणार नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, पेट्रोलवर आयडलला ठेवा आणि एकेका जोडावर थोडं साबणाचं पाणी सोडा. पाणी आत ओढलं गेलं की क्षणभर आवाज बदलतो. नाहीतर सरळ स्मोक टेस्ट करून घ्या, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायचं.

प्रतिसाद:
वरच्याला +१. जोडीला ई२० पण धरा. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलं की साडेतेराच्या आसपास. जुनी गाडी पेट्रोलवर थोडी प्लसमध्ये राहणारच. पण ती वाढ सगळ्या आरपीएमला साधारण सारखी असते, फक्त सिग्नलला नाही.

धागाकर्ता:
सापडलं! स्मोक टेस्टमध्ये तीन नंबरच्या नॉझलच्या होजला, क्लिपच्या अगदी खाली, नखाएवढी चीर. सरळ असताना दिसत नाही, होज वाकवला की तोंड उघडते. चारही होज आणि क्लिपा बदलल्या, नॉझलचे आटे परत सील केले. थरथर गेली. आता पेट्रोलवर आयडलला शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, पण लाँग टर्म +७ वर थांबलीय. हे चालेल का?

प्रतिसाद:
चालेल. ±१० च्या आत असली की मी बोनेट उघडत नाही, त्यात ई२० चा वाटा आहेच. फक्त गॅसचं ट्यूनिंग आता एकदा तपासून घ्या. चीर असताना कुणी गॅस वाढवून ठेवला असेल तर आता गॅसवर रिच चालेल.

आणि टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा. बऱ्याच किटमध्ये गॅसवर चालतानाही टाकीतला पंप फिरत राहतो, आणि त्याला थंड ठेवायला पेट्रोलच लागतं. रिझर्व्हवर पळवून तो दमवलात तर कोड हाच येईल, फक्त तेव्हा ट्रिम घाटात चढेल.