अनुभव धागा: निवृत्तीनंतरचा ऑनलाईन वर्ग

महाविद्यालय सोडून तीस-चाळीस वर्षे उलटलेल्या नाशिककरांना ऑनलाईन व्याख्याने आणि अभ्यासवर्ग यांचे आता नवल राहिलेले नाही. माजी विद्यार्थी संघ, विद्यापीठांचे विभाग आणि केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे ऑनलाईन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ मिळून इतके काही उपलब्ध आहे की निवडतानाच दमछाक होते, आणि निवडल्यावर टिकणे त्याहून अवघड जाते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकत मोठी झालेली आपली पिढी श्रोता म्हणून कच्ची नाही. तरीही तीच मंडळी ऑनलाईन वर्गाला एक-दोनदा येतात आणि नंतर दिसेनाशी होतात, असे संयोजन करताना मला आढळते. म्हणून ‘छान वाटले’ एवढ्यावर न थांबता कोणता वर्ग केलात, कसा ऐकलात आणि कशामुळे टिकलात किंवा सोडलात, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर

माझी अडचण विषयाची नव्हती, कानांची होती. श्रवणयंत्र लावून लॅपटॉपच्या स्पीकरवरचा आवाज ऐकला की शब्द एकमेकांत मिसळतात, आणि वक्ते पंख्याखाली बसले असतील तर बोलायलाच नको. भाच्याने श्रवणयंत्र ब्लूटूथने थेट फोनला जोडून दिल्यापासून आवाज सरळ कानात येतो. दुसरी सोय मी वक्त्यांकडून मागून घेतली: खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवावी, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो आणि ओठांच्या हालचाली दिसतात. पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या ओळींवर मात्र विसंबू नये. संस्कृत नाटकावरच्या व्याख्यानात त्या इंग्रजीवर राहिल्या होत्या आणि विदूषकाचे त्यांनी जे काही केले, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

निवृत्त अभियंता, सातपूर

व्याख्यान ऐकणे वेगळे आणि शिकणे वेगळे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल या ऑनलाईन शिक्षणाच्या उपक्रमातला बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. नाव नोंदवून शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जावे लागते, आणि अंतिम गुणांत गृहपाठाचा वाटा 25 टक्के व परीक्षेचा 75 टक्के असतो. या वयात प्रमाणपत्र कोणाला दाखवायचे, असे मित्र म्हणाले, तरी मी परीक्षेचे शुल्क भरले, कारण दर आठवड्याला गृहपाठाची मुदत नसती तर ध्वनिचित्रफिती ‘नंतर पाहू’ म्हणून तशाच पडून राहिल्या असत्या. आमच्या वयात वेळ भरपूर असतो, आणि नेमके तेच नडते.

माजी बँक अधिकारी, सध्या मुलीकडे न्यू जर्सीत

मला मात्र थेट व्याख्यानच लागते. नाशिकचे संध्याकाळचे सात म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळे एक तास मागे गेली की साडेआठ. नातू शाळेत गेलेला असतो, चहा झालेला असतो, आणि कॉलेज रोडवरच्या जुन्या मंडळींचे चेहरे दिसतात. खरे सांगायचे तर व्याख्यानाआधीच्या दहा मिनिटांसाठी मी येतो.

गृहिणी, गंगापूर रोड

मी मुक्त विद्यापीठाची पदवीधर आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली आपल्या नाशिकमध्येच स्थापन झाले, आणि संसार सांभाळून, पुस्तके घरी वाचून, अभ्यासकेंद्रावरच्या संपर्क सत्रांना हजेरी लावून आमच्यासारख्या अनेकजणी त्यातून शिकल्या. त्यामुळे घरी बसून शिकण्याचे अप्रूप मला नाही. फरक एवढाच की तेव्हा मी सत्राला निघाले की घराला ते दिसायचे. आता मी बैठकीच्या खोलीत फोन घेऊन बसले की कोणालाही मी मोकळीच वाटते. कुरिअरवाला, गॅसवाला आणि ‘डबा कुठे ठेवलास’ हे सगळे व्याख्यानाच्या मध्यावर येतात. शेवटी मी मागच्या खोलीत टेबल मांडले आणि दार लावून घेऊ लागले. पहिले काही दिवस घरात थोडी कुरकुर झाली, मग सगळ्यांना डबे सापडू लागले.

संयोजकांकडून मध्येच एक सूचना

एका सदस्यांना ‘तुमच्या विद्यापीठाकडून बोलतो’ असे सांगून फोन आला आणि वर्गासाठी म्हणून मोबाईलचा पडदा दूरस्थ दाखवणारे ॲप उतरवून घ्यायला सांगितले गेले. कोणत्याही वर्गाला असे ॲप लागत नाही, आणि ओटीपी तर फोनवर कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पंचवटी

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. आयुष्यभर वर्गात शिकवलेल्या माणसाला कॅमेरे बंद ठेवलेल्यांच्या काळ्या चौकटींसमोर बोलणे जड जाते, कारण कोणाला समजले नाही हे चेहऱ्यावरून कळण्याची सोय उरत नाही. दख्खनच्या पठारावरील लाव्हाचे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, हे सांगताना मी त्याच लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, तर पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय चालू असल्यामुळे माझा हात दिसत होता आणि दगड गायब होता. नातीने ती सोय बंद केली, तेव्हा दगडाच्या पोकळीतले झिओलाईट या खनिजाचे पांढरे स्फटिक सगळ्यांना दिसले, आणि त्यानंतरच पहिला प्रश्न आला.

तेव्हापासून मी व्याख्यान आटोपते घेतो आणि उरलेला वेळ प्रश्नांना देतो. ब्रिटनमध्ये 1982 पासून रुजलेल्या ‘तिसऱ्या वयाच्या विद्यापीठा’त सदस्यच एकमेकांना शिकवतात, त्या धर्तीवर पुढच्या वेळी प्रत्येकाने आपल्या परिसरातल्या दगडाचे छायाचित्र पाठवावे, असे मी सुचवले. पांडवलेण्याच्या कातळाची आणि काळाराम मंदिराच्या भिंतीची छायाचित्रे आली, ती अपेक्षितच होती. एका बाईंनी माळ्यावरचे जाते पाठवले. जात्याला पुन्हा पुन्हा टाकी लावून (छिन्नीने टोचून) खडबडीत का करावे लागते, यावरची चर्चा माझ्या व्याख्यानापेक्षा लांबली, आणि बोलणाऱ्यांत भूशास्त्राचा पदवीधर एकही नव्हता.