दुकानात सतत वाजणारं ते म्युझिक नक्की कुणी सुरू केलं?

फोंडेकर७: काल पणजीत एका सुपरमार्केटात गेलेलो, वीस मिनिटं तीच गुळमुळीत बासरी, डोकं उठलं, शेवटी तांदूळ न घेताच बाहेर आलो. ही पद्धत आली कुठून, कुणाला माहितीये?

कुळागर: अमेरिकेतून रे. जॉर्ज स्क्वायर म्हणून लष्करातला जनरल, त्याने तारेवरून संगीत पुरवायची आयडिया काढली आणि १९३४ मध्ये त्याच्या कंपनीचं नाव पडलं म्युझॅक, म्युझिक अधिक कोडॅक. मग हॉटेलं, ऑफिसं, कारखाने. कारखान्यांसाठी तर पंधरा मिनिटांचा संच असायचा, प्रत्येक चाल आधीच्यापेक्षा जरा जास्त तरतरीत, नंतर पंधरा मिनिटं शांतता. थोडक्यात कामगाराला चहाऐवजी चाल पाजायची!

मांडवीकाठ: आणि शिव्याही तेवढ्याच खाल्ल्या. १९८६ मध्ये टेड न्यूजंट ह्या रॉक गिटारवाल्याने १ कोटी डॉलरला कंपनी मागितली, का तर बंद करायला :) दिली नाही त्यांनी. २००९ ला दिवाळखोरीत गेली, २०१३ ला नावही गेलं. पण मूळ कल्पना जुनी हां, फ्रान्सचा संगीतकार एरिक साती १९१७ पासूनच 'फर्निचर संगीत' म्हणायचा, खुर्चीसारखं, असावं पण लक्ष जाऊ नये.

फोंडेकर७: मग आमच्या म्हापशाच्या प्रायव्हेट बशीतलं काय म्हणायचं? तिथं तर फर्निचरच अंगावर येतं!

कुळागर: त्याला बॅकग्राउंड कोण म्हणतो बाबा. तांदूळ आणलेस का पण?