रेडियससाठी 'डोळे झाकून मायएसक्यूएल' हा सल्ला देणं थांबवा

खटपट्या
काल इथे एकाने नवख्याला सांगितलं, "फ्रीरेडियस टाकताय ना? डोळे झाकून मायएसक्यूएल घ्या, पोस्टग्रेस हे पुस्तकी लोकांचं खूळ." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. नवख्यांसाठी: रेडियस म्हणजे ग्राहकाचं लॉगिन तपासणारा आणि वापराचा हिशेब ठेवणारा सर्व्हर, फ्रीरेडियस हे त्याचं सॉफ्टवेअर, आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेस हे त्यामागचे डेटाबेस.

लॉगिनला डेटाबेसचा कस लागतच नाही. रेडचेक या नाव-पासवर्डच्या टेबलातली एक ओळ कुणीही वाचून देईल. कस लागतो तो १८१३ पोर्टवर, म्हणजे अकाउंटिंगला (वापराच्या हिशेबाला). सेशन सुरू झाल्याचा स्टार्ट, मधल्या वापराचा इंटरिम, संपल्याचा स्टॉप, सगळं हिशेबाच्या टेबलात, म्हणजे रेडअ‍ॅक्टमध्ये. ५००० पीपीपीओई (नाव-पासवर्डने होणारी जोडणी) ग्राहक आणि ५ मिनिटांचा इंटरिम धरला तर सेकंदाला १६-१७ अपडेट, तेही चोवीस तास. त्यात लाइट जाऊन आली की सगळे राउटर एकदम उठतात. अकाउंटिंग तुंबलं की रेडियसचे थ्रेड (काम उरकणारे हात) अडकतात आणि मग लॉगिनही लटकतं. फ्रीरेडियसच्या पोस्टग्रेस स्कीमात (टेबलांच्या तयार मांडणीत) फक्त चालू सेशनचा पार्शियल इंडेक्स (ठरावीक ओळींपुरती शोधसूची) आहे, स्टॉप टाइम रिकामा असलेल्या ओळींचा. टेबल कितीही वाढलं तरी तो तेवढाच राहतो. मायएसक्यूएलला हे जमतच नाही.

केबलवाला_सातारा
तो सल्ला माझाच होता, आणि आजही तोच देईन. सेकंदाला १७ अपडेटला इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) दमत नाही हो. २०१० पासून, ५.५ पासून, तेच डिफॉल्ट आहे. तुम्ही अजून मायआयसॅम या जुन्या इंजिनच्या टेबल लॉकच्या (एक लिहितो तोवर अख्खं टेबल अडलेलं) काळात आहात. आमचं मारियाडीबी आहे, मायएसक्यूएलचाच भाऊ. डॅलोरेडियस (रेडियस सांभाळायचं वेब पॅनल) त्यावर चालतं, बिलिंगही त्याच्याशीच बोलतं. रात्री दोनला अडलं तर मायएसक्यूएल येणारा पोरगा इथे मिळतो. पोस्टग्रेसवाला कुठून आणू? आणि पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूमचं (मेलेल्या ओळी झाडण्याचं) सोयीस्कर गाळलंत. तिथे प्रत्येक अपडेटला नवी ओळ बनते आणि जुनी मेलेली तशीच पडून राहते.

खटपट्या
व्हॅक्यूमचं मान्य. पण त्या एका टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा मेला की झाडायचं) ०.२ वरून खाली आणला, फिलफॅक्टर कमी केला (पानात नव्या ओळींना जागा राखली) की भागतं. माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण तो डेटाबेसचा दोष कसा?

शंकेखोर
दोघांनाही विचारतो: रेडचेकमध्ये पासवर्ड कसे ठेवलेत? क्लिअरटेक्स्टच ना? माझ्या आधीच्या नोकरीत एकजण जाताना डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊन गेला. अख्ख्या गावाचे पासवर्ड उघडे. लोक तोच पासवर्ड ईमेललाही लावतात. आणि तुम्ही इंडेक्सवर भांडताय!

केबलवाला_सातारा
चॅपला (पासवर्ड न पाठवता त्यावरून काढलेलं उत्तर पाठवणारी लॉगिन पद्धत) क्लिअरटेक्स्ट लागतोच. हॅश (पासवर्डचं उलट न फिरणारं रूप) ठेवला की चॅप मेलं. माहीत नसेल तर आधी वाचून या.

शंकेखोर
वाचूनच आलोय. पॅप (पासवर्डच पाठवणारी पद्धत) करा आणि क्रिप्ट-पासवर्ड, म्हणजे हॅश, ठेवा.

केबलवाला_सातारा
पॅप? आमच्या एका गल्लीत कुणीतरी स्विचला खोटा पीपीपीओई सर्व्हर लावला होता. पॅप असतं तर ग्राहकांच्या राउटरनी आपण होऊन पासवर्ड त्याच्या हातात ठेवले असते. पुढे आमचा राउटर ते रेडियस या टप्प्यात पॅपचा पासवर्ड सामायिक सीक्रेट (दोघांनाच माहीत असलेला शब्द) आणि एमडी५ या जुन्या हॅशच्या भरवशावर. २०२४ च्या ब्लास्ट-रेडियस हल्ल्यानंतरही त्या एमडी५वर विसंबायचं?

शंकेखोर
ब्लास्ट-रेडियसमध्ये उत्तराचं पॅकेट खोटं बनवतात, पासवर्ड फुटत नाही. दोन गोष्टींची खिचडी करू नका. आणि गल्लीतला चोर गल्लीपुरतं नेतो. डंप नेणारा सगळं नेतो.

खटपट्या
अहो, पासवर्डचा वेगळा धागा काढा. इथे विषय डेटाबेसचा आहे.

शंकेखोर
डेटाबेसमध्ये काय ठेवायचं हा डेटाबेसचाच विषय आहे. तुम्हाला सोयीचा तेवढाच बोलायचा असेल तर तसं सांगा.

नर्मदाकाठ
मी कॉलेजचं वायफाय सांभाळते. तिथे पीईएपी-एमएसचॅप (वायफायची पासवर्डवाली लॉगिन पद्धत), म्हणून तिला लागणारा एनटी हॅश. त्यात सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळलेली वेगळी अक्षरं) नाही, म्हणजे क्लिअरटेक्स्टपेक्षा उन्नीस-बीस. ज्यांना शक्य आहे त्यांनी ईएपी-टीएलएस (डिजिटल प्रमाणपत्रावर लॉगिन) घ्यावं, पासवर्डची कटकटच नको. राहिला डेटाबेस. माझं एसक्यूलाइट या एका फाइलच्या डेटाबेसवर निभतं, कारण अकाउंटिंग मी त्यात लिहीतच नाही, डिटेल फाइलमध्ये जातं. लिहिणारा एका वेळी एकच, ही त्याची मर्यादा मला आडवी येत नाही. केबलवाले दादा, तुम्हीही बफर्ड-एसक्यूएल लावा ना. पॅकेट आधी फाइलमध्ये, तिथून सवडीने डेटाबेसमध्ये. डेटाबेस तासभर पडला तरी हिशेब बुडत नाही. फक्त सायमलटेनियस-यूज (एका नावावर एकाच वेळी किती लॉगिन) रेडअ‍ॅक्टवरून तपासत असाल तर तेवढा उशीर धरून चाला.

खटपट्या
हे आधीच सांगायला हवं होतं. असं लावलं तर मारियाडीबीही तग धरेल, एवढं म्हणतो. जुनी सेशन मात्र महिन्यागणिक पार्टिशन (टेबलाचे तुकडे) करून बाजूला काढा. इंटरनेट देणाऱ्यांना लायसन्सप्रमाणे दोन वर्षांचा रेकॉर्ड ठेवायचाय, तो चालू टेबलातच कोंबू नका.

केबलवाला_सातारा
बफर्ड-एसक्यूएल लावतो, ताई. पार्टिशनचंही बघतो. पण मारियाडीबी सोडत नाही. आणि शंकेखोर साहेब, तुमच्या समाधानासाठी आजच बिलिंगच्या युजरचे रेडचेकवरचे वाचायचे हक्क काढलेत.

शंकेखोर
चांगलं केलंत. आता रोज रात्रीच्या बॅकअपची फाइल कुठे जाते आणि ती एन्क्रिप्ट आहे का, तेही सांगा.