आईसाठी आवाजावर चालणारा फोन: वाचून दाखवण्याची सोय सुरक्षितपणे कशी द्यावी?

माझी ७६ वर्षांची आई वाई तालुक्यातील आमच्या गावी एकटी राहते. तिची नजर अधू झाली असली, तरी ऐकू उत्तम येते. तिच्या अँड्रॉइड फोनवर गूगल असिस्टंट मराठीत सुरू करून दिल्यापासून नुसते नाव सांगून ती फोन लावते. अडचण आहे ती आलेले संदेश ऐकण्याची.

टॉकबॅक (पडद्यावरचे सारे वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) सुरू केले की बोट टेकताच फोन फक्त वाचतो, उघडण्यासाठी पुन्हा दोनदा टिचकी मारावी लागते आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. ही नवी सवय तिला जड जाते. त्याऐवजी, जे निवडावे तेवढेच वाचणारे ‘सिलेक्ट टू स्पीक’ तिला पुरेल का? (भाचेमंडळी रोमन लिपीत मराठी लिहितात, त्याचे वाचन होताना जे काही कानावर पडते, त्यावर बहुधा इलाज नसावा.)

माझी खरी चिंता निराळी आहे. बँकेचा संदेश आणि भामट्याचा संदेश फोन एकाच आवाजात, सारख्याच ठामपणे वाचतो. आणि ज्या आवाजावर तिने विश्वास ठेवायला शिकावे असे मी म्हणतो, तोच आवाज उद्या ‘अनुमती द्या’ हे बटणही वाचून दाखवेल. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायलींपैकी (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फायलींपैकी) काही तर सुलभतेचीच (ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे टॉकबॅकसारख्या सोयी जिच्यावर चालतात तीच) परवानगी मागतात, आणि ती मिळाली की असे ॲप पडद्यावरचे सारे वाचू शकते, बटणेही दाबू शकते.

सध्या व्हॉट्सॲप आणि ब्राउझर यांना अनोळखी ॲप बसवण्याची दिलेली मुभा बंद केली आहे, घातक ॲप तपासणारे गूगलचे प्ले प्रोटेक्ट सुरू आहे, यूपीआय ठेवलेले नाही आणि १९३० हा सायबर मदत क्रमांक ‘फसवणूक’ या नावाने जतन केला आहे, म्हणजे तोही तिला बोलून लावता येईल.

ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांसाठी मराठीत अशी व्यवस्था केली आहे, त्यांच्याकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ओटीपीचे संदेश चारचौघांत मोठ्याने वाचले जाऊ नयेत, पण घरच्यांचे वाचले जावेत, असे करता येते का? आणि फोन कुलूपबंद असताना असिस्टंटला फोन लावू द्यावा का? रात्री-अपरात्री पडली-झडली तर ते मोलाचे ठरेल, पण फोन दुसऱ्याच्या हाती लागल्यास काय, हा प्रश्न उरतोच.