ऑपरेशन पोटाचं, पट्टे पायाला का?

एका ताईंनी विचारलंय की सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून, मग पोटऱ्यांना फुगणारे पट्टे कशाला, बिल वाढवायला? मी धुळ्यात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. पारोळ्याकडच्या एका आजीनेही हेच विचारलं होतं : "ऑपरेशन पोटनं शे, मंग पायले हाई काय बांधी ऱ्हायनात?"

दुर्बीण घालायची तर आधी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा. पायातलं रक्त वर नेणाऱ्या शिरा पोटातूनच जातात आणि त्यांच्या भिंती मऊ. त्या दाबल्या जातात. ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढे पाणी मंदावतं, मागे नळी तटतटते, तसंच. मांडीची शीर फुगते, रक्त रेंगाळतं. त्यात पित्ताशयासाठी टेबल डोक्याकडून उंच करतात, म्हणजे रक्ताला चढ आणखी. एरवी पोटरीचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात, पंपासारखे. भुलीत स्नायू सैल, त्यामुळे हा पंप बंदच. रेंगाळलेलं रक्त गोठू शकतं.

पट्टा थोड्या थोड्या वेळाने पोटरी आवळतो, सोडतो. पंपाचं काम तो करतो. गॅस काढला की प्रवाह बराचसा सुधारतो.

सगळ्यांनाच गुठळी होते असं नाही, धोका एकूण कमीच. पण वय जास्त, वजन जास्त, कॅन्सर किंवा आधी गुठळी झालेली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायांवरच्या फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा, आहेत का सासऱ्यांना? असतील तर तेही सांगा. आणि पोटरीचा पंप पुन्हा सुरू व्हावा म्हणून संध्याकाळी नर्स चालायला उठवेल तेव्हा "राहू द्या, झोपू द्या" म्हणणारे नातेवाईकच असतात, पेशंट नव्हे!