मदत हवी आहे: प्लॅस्टिक मॉडेल किट जोडायला कोणता गोंद?

मंडळी, भाच्यासोबत मिग-२१ चं १/७२ स्केलचं किट जोडायला घेतोय. नागपुरात वायुसेनानगरजवळ राहत असल्याने विमानांचं वेड त्याला लहानपणापासूनच. कॅनॉपीचं (वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाचं) ठरलं आहे: फेविक्विकच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढुरकी झाक बसते, म्हणून तिथे साधा पांढरा फेविकॉल.

अडलंय ते मोठ्या सांध्यांवर. किट पॉलिस्टायरीनचं आहे, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करणारं सिमेंटच हवं. तामिया कंपनीचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन, म्हणजे अगदी पातळ सिमेंट, फटीत आपोआप ओढलं जातं, पण ते झटकन उडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास! विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धे भाग जुळवेपर्यंत ते टिकेल का? की अशा लांब सांध्याला नेहमीचं दाट सिमेंटच बरं? उन्हाळ्यात वापरलेल्यांनी नक्की सांगा.

दुसरं, वासाचं. पोरगं लहान आहे, खिडकी उघडी ठेवली तरी मला काळजी वाटते. लिमोनिनवालं सिमेंटही मिळतं, संत्र्याच्या सालीत असतं तेच द्रव्य. त्याचा सांधा पंखांना पुरेसा मजबूत होतो का?

आणि सीताबर्डी, सदर किंवा इतवारीत यातलं काही मिळतं का? बाटली हातात घेऊन बघायची आहे.