समुद्र जवळ, पण खोली नदीकाठी: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कोकणात कुठं राहावं?

अरुणावतीकाठ (आर्णी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होऊन राहिली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे बायकोनं, अजून समुद्र पाहिला नाही. लांबचा प्रवास म्हणजे शेगाव, माहूर आणि दोनदा पंढरपूर, बस. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, कापूस चांगला झाला की तुला समुद्र दाखवतो. कापूस चार-पाच वेळा चांगला झाला, पण एकदा विहीर निघाली, एकदा बहिणीचं लग्न, मग पोरांची शाळा.

आता पोरगी पुण्यात नोकरीला आहे. ती म्हणते, बाबा, आईसाठी रोमँटिक जागा शोधा, धर्मशाळा नको. तिनं मालवणकडच्या देवबागचे फोटो पाठवले. छोटी लॉजं आहेत, समोर नदी, मागं माड, आणि समुद्र पायी जाण्यासारखा. मला हे समजून नाही राहिलं की समुद्र पाहायला जायचं तर नदीकाठची खोली काहून घ्यावी? नदी तर आपल्याकडंही आहे. समुद्रासमोरची घ्यावी का? मे महिना चालेल का? आणि बायको माळकरी आहे, तिच्या जेवणाचं कसं? तीन रात्रींच्या राहण्याखाण्यासाठी बारा हजार बाजूला ठेवले आहेत. कोणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा.

मेळघाटी

भाऊ, मे महिन्यात नका जाऊ. आम्ही मागे गेलो होतो. ऊन आपल्यापेक्षा कमी, पण घाम असा की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळला नाही. शाळेच्या सुट्ट्या असल्यानं खोल्यांचे भावही दीडपट. मे महिन्यातच जायचं असेल तर चिखलदरा बरा, पण तिथं समुद्र कुठून आणणार? म्हणून तारीख बदला, जागा नका बदलू.

पैनगंगेची लेक (उमरखेड)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री साडेदहाला लिहायला बसले. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, आमच्या ह्यांची नऊ एकर शेती आहे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. म्हणून वहिनींसाठी सांगते.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी दुसऱ्या एका गावी समुद्रासमोरचीच खोली घेतली. नाव नाही लिहीत. खिडकी उघडली की समुद्र, हे खरं होतं. पण समोरच्या वाळूवर सकाळी आठपासून गाड्या, घोडे, स्पीकर. रात्री शेजारच्या आवारात पार्टी. आम्ही दोघं बाल्कनीत बसलो आणि एकमेकांशी ओरडून बोलत होतो. शेवटी उठून आत गेलो आणि दार लावून घेतलं. समुद्र पाहिला, पण एकमेकांजवळ बसणं झालं नाही. परतीच्या गाडीत हे म्हणाले, आपण पुन्हा येऊ, पण गर्दी जिथं वळत नाही तिथं.

दुसऱ्या वेळी देवबाग. आधी जागा समजून घ्या, म्हणजे नदीकाठ काहून ते कळेल. सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी समुद्राजवळ येते, पण लगेच त्याला मिळत नाही. काही अंतर ती किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडं वाहते आणि मग संगम होतो. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची जी चिंचोळी पट्टी उरली तेच देवबाग. पूर्वेला नदी, पश्चिमेला अरबी समुद्र. आमच्या खोलीपासून नदी पंधरा पावलं, आणि उलट्या बाजूनं माडांतून चालत गेलं की सहा-सात मिनिटांत समुद्र.

आता मुख्य गोष्ट. नदी आपल्याकडंही आहे म्हणता. माझी पैनगंगा माघात कशी असते ते मी सांगू का? सहस्रकुंडाला पावसाळ्यात कान बंद होतात, आणि माघात गोटे मोजता येतात. इसापूरचं पाणी सोडलं तर नदी, नाही तर डबकी. देवबागला पहिल्या सकाळी हे सहा वाजता उठले. शेतकरी माणूस, पाणी दिसलं की मोजतो. लॉजच्या अंगणातून नदीत उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या होत्या. सहा वाजता नऊ पायऱ्या उघड्या होत्या, खाली ओली वाळू. ह्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली, आपण विहिरीत दोर सोडून पाहतो तसं. चहा पिऊन आलो तर काठी पाण्यात. साडेअकराला वरच्या दोनच पायऱ्या राहिल्या होत्या. आणि मधल्या वेळात नारळाचं एक सोडण, म्हणजे वरची साल, पाण्यावरून वाहत होतं, समुद्राकडं नाही, डोंगराकडं. नदी उलटी वाहत होती, भाऊ. मी भूगोलात दर वर्षी भरती-ओहोटी शिकवते, चंद्र-सूर्याच्या ओढीची आकृती फळ्यावर काढते. पण भरतीचं पाणी नदीत शिरून नदीला मागं लोटतं हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी त्या पायरीवर बसून राहिले. ह्यांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. खारं. म्हणाले, एवढं पाणी, आणि वाफाभर जमीन भिजवता येत नाही. मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. त्या शांततेसाठी नदीकाठ घ्या.

समुद्राच्या लाटा थांबत नाहीत, त्याच्यासमोर आपण त्यालाच ऐकत बसतो. नदी आवाज न करता चढते. शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. तुमच्या पोरीच्या रोमँटिक शब्दाचा अर्थ मला तरी तिथं कळला.

लॉजच्या काकींनी आम्हाला तिथीचा हिशोब शिकवला. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण दिवस आखायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग.

म्हणून माझं सांगणं, लग्नाची तारीख सोडा आणि माघी पौर्णिमा धरा. तोवर तूर घरात आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी होते आणि हरभऱ्याला अजून अवकाश असतो. हवा चांगली असते. आणि पौर्णिमेला देवबागमध्ये काय होतं ते ऐका. संध्याकाळी समुद्राकडं जाऊन बसा. सूर्य पाण्यात बुडतो. आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा, कारण आपण बरेच पश्चिमेला गेलेलो असतो. सूर्य बुडाला की लगेच उठा, माडांतून नदीच्या बाजूला या. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणजे नदीच्या पलीकडं. आम्ही पोचलो तेव्हा तो झाडांच्या वर हातभर आला होता, तांब्याच्या परातीसारखा. ओहोटी होती, नदी आटलेली, ओल्या वाळूवर चंद्राचा पट्टा. मग रात्री अकराला पुन्हा बाहेर आलो तर तीच नदी काठोकाठ भरलेली, पांढरी. ह्यांनी माझा हात धरला. आमच्या गावात आम्ही रस्त्यानं चालताना चार पावलं मागंपुढं चालतो, तुम्हाला माहीत आहे.

खोली ठरवताना फोटोवर जाऊ नका. फोन करा आणि विचारजा, पाणी किती पावलांवर आहे, आणि नदीत उतरायला पायऱ्या आहेत का. आमच्या ओळखीतल्या एकांना 'नदी दिसणारी खोली' म्हणून गच्चीवरून दिसणारी नदी मिळाली होती. ओहोटीला समोर वाळू उघडी पडते की चिखल, हेही विचारा, चिखलाला वास असतो. होड्यांचा धक्का अगदी लागून नको, सकाळी पर्यटकांची रांग लागते. डास असतात, मच्छरदाणी विचारा. आम्ही रात्रीचे दोन हजार दिले, सकाळचा नाश्ता धरून, म्हणजे तुमच्या बारा हजारांत जेवणासकट सहज बसेल, सुट्ट्यांचे दिवस टाळले तर.

जाण्याचं: नागपूरहून मडगावला आठवड्यातून दोनदा विशेष गाडी असते, बडनेऱ्याला थांबते आणि थेट कुडाळला उतरवते. ती विशेष गाडी आहे, म्हणून मुदत वाढली का ते तिकिटाआधी पाहा. नसेल तर धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर, वहिनींना अंबाबाईचं दर्शन होईल, आणि तिथून फोंडा घाटानं एसटीनं मालवण. आम्ही असेच गेलो. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, पुढं देवबाग दहा-बारा.

मालवणची, आता वणीची

ताईंनी माझ्या माहेरचं असं लिहिलंय की डोळ्यांत पाणी आलं. वणीला येऊन अठरा वर्षं झाली. इथं पहिल्या उन्हाळ्यात मी वर्धा नदी पाहायला गेले होते आणि सासूबाईंना विचारलं, भरती कधी येते? त्यांना प्रश्नच कळला नाही.

दोन गोष्टी सांगते. संगमावर पाण्यात उतरू नका, गुडघ्याएवढंसुद्धा नको. वरून पाणी शांत दिसतं. ओहोटी लागली की सगळी नदी त्या एका तोंडातून समुद्रात ओढली जाते आणि पायाखालची वाळू सरकते. पट्टीचे पोहणारेही तिथं जपून असतात. पाय भिजवायचे तर समुद्राच्या बाजूला, जिथं स्थानिक लोक सांगतील तिथं, आणि होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. होडीवाला म्हणाला गरज नाही, तरी घाला.

माळकरी वहिनींची अजिबात काळजी करू नका. मालवणी म्हणजे फक्त मासे हा बाहेरच्यांचा समज आहे. आमच्याकडं सोमवारी, संकष्टीला, श्रावणात चुलीवर मासा चढत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, घावणे-चटणी, शिरवाळे नारळाच्या गोड रसात, सोलकढी, हे सगळं मिळेल. मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि माळकरी आहे, भांडी वेगळी ठेवा, असं स्पष्ट सांगा. कोणी वाईट वाटून घेत नाही, माझी आजीही माळकरी होती. दुपारी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकर आठवली तर सोबत न्या, भात मात्र दोन्ही वेळ खावा लागेल. कोणी "खयसून इलात?" म्हटलं तर ते कुठून आलात विचारतायत. यवतमाळ सांगा, नक्की दहा मिनिटं बोलत बसतील.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जाते. 1664 मध्ये महाराजांनी काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पैनगंगेच्या ताईंच्या ह्यांना तिथं न्यायला हवं होतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, माघात चालू.

पैनगंगेची लेक (उमरखेड)

नेलं होतं ताई! तीनही विहिरी पाहिल्या. दूधबावीवर हे अर्धा तास वाकून उभे. पाणी किती हात खाली आहे ते होडीवाल्याला सांगितलं.

अरुणावतीकाठ (आर्णी, जि. यवतमाळ)

ताई, दोघींचे खूप आभार. काल संध्याकाळी घरच्यांना सगळं वाचून दाखवलं. नदी उलटी वाहते या ठिकाणी तिनं थांबवलं, म्हणाली पुन्हा वाचा. मग म्हणाली, सूर्य आणि चंद्र एकाच वाटेनं दोन्हीकडं पाहायचे म्हणजे सात मिनिटांत भरभर चालावं लागेल, माझे गुडघे तेवढे चालतील. गाईचं धारपाणी आठ दिवस धाकट्या भावाकडं लावलं आहे. बडनेऱ्याच्या गाडीचं पोरगी पाहून राहिली आहे, नाही जमलं तर कोल्हापूरवरून.

तारीख माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून तीन रात्री. आज दुपारी तीन ठिकाणी फोन लावले. पहिल्यानं पायऱ्या नाहीत म्हटलं, दुसऱ्यानं प्रश्न ऐकून फोनच ठेवला. तिसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या. पायऱ्या किती विचारल्यावर थांबा म्हणाल्या, बाहेर जाऊन मोजून आल्या. आता सात दिसताहेत, म्हणाल्या, पाणी चढतं आहे, संध्याकाळी फोन करा म्हणजे सगळ्या सांगते.